डोळस बोटें : जपानांतील सूचीवैद्यांचें शिक्षण

वैद्यविद्येचा कांहीं भाग ग्रंथांत मावतो आणि कांहीं भाग मावत नाहीं. अमक्या रोगावर अमुक काढा, त्यांत अमुक द्रव्यें, अमुक प्रमाणांत, हें लिहून ठेवतां येतें; लिहिलेलें पाठ करतां येतें; आणि पाठ झालें कीं नाहीं याची परीक्षाही घेतां येते. परंतु नाडीवर ठेवलेल्या तीन बोटांना काय कळलें, पोटावरून फिरणाऱ्या तळहाताला कोठें ताठरपणा लागला, हें कोणत्या कागदावर उतरवावयाचें? तें गुरूच्या हाताला ठाऊक असतें आणि शिष्याच्या हाताला ठाऊक व्हावें लागतें. मग हाताची ही विद्या एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते कशी, आणि ती खरोखर गेली आहे अशी समाजानें खात्री कशी करून घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक जुन्या वैद्यकापुढें उभा राहिलेला आहे.

आजच्या भाषणांत या प्रश्नाचें एक उत्तर मी श्रोत्यांपुढें ठेवणार आहें. तें पूर्व आशियांतलें, विशेषेंकरून जपानमधलें आहे. आणि त्याची नवलाई अशी कीं, तें ज्यांनीं शोधून काढलें ते लोक अंध होते.

चीन, कोरिया आणि जपान या देशांचें परंपरागत वैद्यक एकाच मुळापासून वाढलेलें आहे. तें मूळ चीनमध्यें सांपडतें. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांच्या सुमारास संकलित झालेला ‘ह्वांगदी नेइजिंग’, म्हणजे पीत सम्राटाच्या नांवावर चालणारा वैद्यकग्रंथ, हा त्याचा आधार. या वैद्यकाचीं प्रमुख अंगें चार. पहिलें औषधी काढ्यांचें. दुसरें सुईचें, यालाच आपण ॲक्युपंक्चर या नांवानें ओळखतों. तिसरें डाग देण्याचें. आपल्या दवण्याच्या कुळांतल्या एका वनस्पतीच्या पानांची वाळलेली लव घेऊन तिची बारीक गोळी त्वचेवर अथवा त्वचेजवळ पेटवितात. आणि चवथें अंगमर्दनाचें. सुई व डाग यांचें शास्त्र असें सांगतें कीं, शरीरांत ‘छी’ नांवाची प्राणासारखी एक शक्ति ठराविक मार्गांनीं वाहते. त्या मार्गांवर नेमके बिंदु आहेत. आणि त्या बिंदूंवर सुई टोंचली किंवा ऊब दिली असतां अडलेला प्रवाह मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांत आज असे ३६१ बिंदु नोंदलेले आहेत. हे मार्ग शवच्छेदनांत कोणाला दिसलेले नाहींत, हेंही येथेंच सांगून टाकतों. त्या गोष्टीकडे आपण पुढें वळूं. तूर्त एवढें ध्यानांत घ्यावें कीं, ज्याला ही विद्या शिकावयाची आहे त्याला या शेंकडों जागांचीं नुसतीं नांवें पाठ करून भागत नाहीं. लठ्ठ वा कृश, तरुण वा वृद्ध, अशा प्रत्येक जिवंत देहावर त्या बोटानें हुडकाव्या लागतात.

चिनी राज्यकर्त्यांनीं शिक्षणाची ही बाजू फार लौकर हातीं घेतली. तांग घराण्याच्या अमदानींत, ६२४ सालीं, राजवैद्यकाचें एक खातें स्थापन झालें. औषधें, सुई, मर्दन आणि मंत्रोपचार असे त्याचे विभाग असून त्यांवर अध्यापक व विद्यार्थी नेमलेले असत. पुढें सोंग घराण्याच्या काळांत असें आढळून आलें कीं, हातानें नकललेल्या पोथ्यांत बिंदूंच्या जागा एकमेकींशीं जुळत नाहींत. तेव्हां सम्राट रेनझोंग याच्या आज्ञेनें वांग वेइयी नांवाच्या राजवैद्यानें बिंदूंचा एक प्रमाणग्रंथ तयार केला. आणि ग्रंथांतले शब्द पुन्हा भ्रष्ट होऊं नयेत म्हणून १०२७ सालीं माणसाएवढे दोन कांस्यपुतळे ओतविले. त्यांतला एक कैफेंग राजधानींतील वैद्यकखात्यांत राहिला आणि दुसरा तेथील एका बौद्ध मंदिरांत ठेवण्यांत आला.

या पुतळ्यांवर विद्यार्थ्यांची परीक्षा घेत असत. पुतळा आंतून पोकळ. प्रत्येक बिंदूच्या जागीं बारीक भोंक. परीक्षेच्या वेळीं त्याच्या अंगावर मेणाचा लेप देत आणि आंत पाणी भरीत. परीक्षकानें बिंदु सांगावा आणि विद्यार्थ्यानें सुई टोंचावी. जागा बरोबर असेल तर सुई मेणांतून आंत जाई आणि पाणी बाहेर येई. चुकली असेल तर सुईचें टोंक कांस्यावर आपटे. ही परीक्षा निर्विवाद खरी. तींत गुरूचा लोभ नाहीं, रागही नाहीं. मात्र तींत एक मोठें वैगुण्य होतें. पुतळ्याला श्वास नाहीं, त्याची कातडी आखडत नाहीं, आणि सुई दुखली तर तो ओरडत नाहीं. जागा कळल्याची ही परीक्षा झाली. हात तयार झाल्याची परीक्षा ती नव्हे.

आतां आपण समुद्र ओलांडून जपानमध्यें येऊं. चिनी वैद्यक तेथें सहाव्या शतकापासून येऊं लागलें होतें. ७०१ सालच्या तैहो संहितेनें आरंभ झालेल्या राजनियमांत वैद्यकशिक्षणाचीं स्वतंत्र कलमें आहेत. विद्यार्थी १३ ते १६ वर्षें वयाचा घ्यावा. सुईच्या विद्यार्थ्याला ७ वर्षें आणि मर्दनाच्या विद्यार्थ्याला ३ वर्षें शिकवावें, असें त्यांत सांगितलें आहे. तेराशें वर्षांपूर्वीं सुई हातीं देण्याआधीं राज्य सात वर्षें मागत होतें! परंतु राजसत्ता दुबळी होत गेली तशी ही व्यवस्थाही मोडकळीस आली, आणि सुईची विद्या घराण्याघराण्यांतून, गुपित राखलेल्या पाठांच्या रूपानें चालूं लागली.

याच सुमारास जपानच्या समाजांत अंधांची एक निराळी व्यवस्था आकारास येत होती. ‘तोदो’ नांवाचा त्यांचा एक संघ असे. आरंभीं हे लोक बिवा नांवाचें तंतुवाद्य वाजवून युद्धकथा गात. पुढें कोतोवादन आणि अंगमर्दन हे त्यांचे प्रमुख व्यवसाय झाले. संघांत पायऱ्या असत. सर्वांत वरच्या पदवीला ‘केंग्यो’ म्हणत. अंध मुलाला पोटासाठीं भीक मागावी लागूं नये, त्याला गुरु मिळावा, धंदा मिळावा, म्हातारपणीं मान मिळावा, ही या संघाची कामगिरी. मर्दन करणाऱ्या हातांना देहाची ओळख होतीच. सुई मात्र त्यांच्या हातीं सहसा पडत नसे, आणि याचें कारण उघड होतें. केंसासारख्या बारीक, लवचिक सुईचें टोंक नेमक्या जागेवर धरून, ती वाकूं न देतां, रोग्याला फारसें कळूं न देतां कातडींतून आंत घालणें हें डोळसालाही कठीण. मग अंधानें तें कसें करावें?

या अडचणींतून वाट काढणारा पुरुष म्हणजे सुगियामा वाइचि. त्याचा जन्म १६१० सालीं, इसे प्रांतांतील त्सु या गांवीं एका सामुराई घराण्यांत झाला असें मानतात. लहानपणींच त्याची दृष्टि गेली. वडिलोपार्जित तलवारीचा धंदा बंद झाला, म्हणून तो एडो शहरीं, म्हणजे आजच्या टोकियोस, जाऊन यामासे ताकुइचि या अंध सूचीवैद्याचा शिष्य झाला. परंतु हा मुलगा मंद आहे, याला पाठ राहत नाहीं आणि हातही चालत नाहीं, असें म्हणून गुरूनें त्याला घालवून दिलें. यापुढची हकीकत आख्यायिकेच्या स्वरूपांत सांगतात. तो एनोशिमा बेटावरील बेंझाइतेन देवीच्या गुहेंत उपास करीत बसला. श्रोत्यांना हें ऐकून कौतुक वाटेल कीं, ही बेंझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गें जपानांत पोंचलेली आपली सरस्वतीच होय. अनुष्ठान संपवून परत निघतांना तो एका दगडाला अडखळून पडला आणि त्याच्या अंगाला कांहींतरी टोंचलें. चांचपून पाहतों तों एक लहानशी बांबूची नळी, आणि तिच्यांत अडकलेलें पाइन वृक्षाचें सुईसारखें पान. नळीच्या आधारानें तें कोंवळें पानसुद्धां वाकल्यावांचून टोंचलें होतें! सुईही अशाच नळींतून घातली तर?

आख्यायिका कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवूं. नळीचा उपयोग त्यापूर्वींही कोणीं करून पाहिला असेल. परंतु तिचें पूर्ण तंत्र सिद्ध करून तें शेंकडों हातांत देण्याचें श्रेय सुगियामाचेंच आहे. एनोशिमाहून तो क्योटोस गेला, तेथें इरिए घराण्याच्या परंपरेंत त्यानें पुन्हा नव्यानें अभ्यास केला, आणि मग एडोस परतून नांव मिळविलें.

या नळीचें कार्य समजावयास सोपें आहे. नळी सुईपेक्षां किंचित् आंखूड असते. सुई तींत सोडली म्हणजे तिचें डोकें चार-पांच मिलिमीटर वर राहतें. डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांनीं जागा हुडकून, त्याच बोटांनीं नळी तेथें उभी धरावयाची. कातडी थोडी ताणलेली, दाबलेली असते. मग उजव्या तर्जनीनें सुईच्या डोक्यावर हलकीशी टिचकी मारावयाची. सुई एका क्षणांत कातडीच्या वरच्या थरांतून पार होते. वेदना जाणवते ती मुख्यतः याच थरांत. तो झटकन ओलांडला आणि भोंवतालीं नळीचा दाब असला म्हणजे टोंचल्याचें फारसें कळत नाहीं. नंतर नळी काढून घेऊन सुई बोटांत फिरवीत हळू हळू आंत न्यावयाची. या क्रियेंत डोळ्यांना कोठेंच काम नाहीं. जागा डाव्या हाताला कळते, दिशा नळी राखते, खोली उजव्या हाताला जाणवते. इतकेंच नव्हे, तर नळीमुळें अधिकाधिक बारीक सुया वापरणें शक्य झालें. जपानांत आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या सुया ०.१६ ते ०.२० मिलिमीटर जाडीच्या असतात. अंधांच्या सोयीसाठीं निघालेली युक्ति डोळसांनाही इतकी मानवली कीं, आज जगांत पुष्कळ ठिकाणीं ॲक्युपंक्चरच्या सुईच्या पाकिटांत अशी प्लास्टिकची नळी घातलेली आढळते.

तथापि नळीपेक्षांही महत्त्वाचें काम त्यानें पुढें केलें. पांचवा तोकुगावा शोगुन त्सुनायोशि याच्यावर उपचार करून त्यानें राजाश्रय मिळविला आणि १६८२ सालच्या सुमारास, शोगुनाच्या आज्ञेनें, एडोस सुई व मर्दन यांच्या शिक्षणाची शाळा काढली. पॅरिस येथें व्हॅलेंटिन हाउई यानें अंधांसाठीं काढलेली सुप्रसिद्ध शाळा १७८५ च्या सुमाराची आहे. म्हणजे सुगियामाची शाळा तिच्याहून जवळ जवळ शंभर वर्षांनीं जुनी. घराण्याचें गुपित म्हणून जपलेली विद्या येथें अंध मुलांना उघडपणें, क्रमवार शिकविली जाऊं लागली. त्याच्या पश्चात् मिशिमा यासुइचि या शिष्यानें अशा शाळा देशभर ४० हून अधिक ठिकाणीं पसरविल्या.

तेथील शिक्षणाचा क्रम पाहण्यासारखा आहे. आरंभ मर्दनापासून होई. कारण ज्या हातानें हजारों अंगें चोळलीं त्याला निरोगी स्नायु कोणता आणि आखडलेला कोणता हें सांगावें लागत नाहीं. ग्रंथ ऐकून पाठ करावयाचे. सुगियामानें स्वतः विद्यार्थ्यांसाठीं लिहिलेलीं तीन लहान पुस्तकें ‘सुगियामा सानबुशो’ या नांवानें आजही प्रसिद्ध आहेत. त्यानंतर सुईची तालीम, आणि तिच्याही पायऱ्या. कठीण वस्तूंतून सुई पार करण्याचा सराव केला कीं बोटांना जोर येतो. पाण्यावर तरंगणाऱ्या कांकडी-वांग्यासारख्या फळांत, तें बुडूं न देतां, हलूं न देतां, सुई घालण्याचा सराव केला कीं हात हलका होतो. शेवटीं सजीव देह. आणि तोही पहिल्यानें स्वतःचाच. जोर आधीं, हलकेपणा मागून, आणि परक्याचें अंग सर्वांत शेवटीं, हा क्रम ज्यानें बसविला त्याला शिक्षणाचें मर्म कळलें होतें.

आपल्याकडील जाणत्या श्रोत्यांना येथें सुश्रुताची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत ‘योग्या’, म्हणजे शस्त्रकर्माचा सराव, या विषयाला एक अध्याय दिलेला आहे. कोहळा, दुध्या, कांकडी अशा फळांवर छेदनाचा अभ्यास करावा, असें त्यांत सांगितलें असून, शास्त्र पुष्कळ ऐकलें तरी योग्या केल्यावांचून मनुष्य कर्माला योग्य होत नाहीं, असें बजाविलें आहे. एका परंपरेनें दुसरीकडून ही कल्पना घेतली असें म्हणण्याचें कारण नाहीं. हात तयार करावयाचा तर माणसाआधीं कांकडीच पुढें ठेवावी, हें दोघांनाही आपापल्या अनुभवानें कळलें असावें.

सुगियामाला १६९२ सालीं पूर्व जपानांतील अंधांच्या संघाचें प्रमुखपद मिळालें. त्याच्याविषयीं एक गोष्ट सांगतात. शोगुनानें त्याला विचारलें, “तुला काय हवें तें माग.” म्हातारा म्हणाला, “एक डोळा असता तर बरें होतें.” शोगुन निरुत्तर झाला, आणि मग त्यानें एडोंतील होन्जो भागांतली ‘हितोत्सुमे’ येथील जमीन त्याला बक्षीस दिली. ‘हितोत्सुमे’ म्हणजे ‘पहिला’, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘एक डोळा’! १६९४ सालीं तो वारला. त्या जागेवर त्याच्या व त्या देवीच्या नांवाचें देवस्थान आजही आहे.

यापुढें सुमारें पावणेदोनशें वर्षें ही व्यवस्था चालली. मग १८६८ सालीं मेइजी राज्यक्रांति झाली आणि जपाननें पाश्चात्त्य विद्येची कांस धरली. १८७१ सालीं अंधांचा संघ मोडण्यांत आला; त्याचे हक्क, पदव्या आणि उत्पन्नें एका फटक्यासरशीं गेलीं. १८७४ सालच्या वैद्यकीय नियमावलीनें पाश्चात्त्य वैद्यक हेंच देशाचें वैद्यक ठरविलें आणि सुईवाल्यांनीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच काम करावें असें कलम घातलें.

या ठिकाणीं काढ्यांची विद्या आणि सुईची विद्या यांचे मार्ग फुटले. काढे देणारे वैद्य हे प्रतिष्ठित, विद्वान आणि ग्रंथसंपन्न होते. आपल्याला स्वतंत्र सनद मिळावी म्हणून ते झगडले. परंतु १८९५ सालीं तशा अर्थाचें विधेयक प्रतिनिधिसभेंत फेटाळलें गेलें. त्यांना आपल्या पद्धतीच्या शाळेंतून नवा वैद्य तयार करतां येईना, आणि एका पिढींत त्यांची परंपरा जवळ जवळ आटली. पुढें ती सांवरली ती आधुनिक पदवी घेतलेल्या डॉक्टरांनीं. १९७६ पासून पुष्कळ काढे सरकारी विम्याखालीं आले आणि २००१ पासून त्या विषयाला वैद्यकीय अभ्यासक्रमांत जागा मिळाली. परंतु जपानांत आज स्वतंत्र काढेवैद्य असा वर्ग नाहीं.

सुईची विद्या मात्र टिकली, आणि टिकविणारे लोक होते सर्वांत गरीब व उपेक्षित. संघ मोडल्यावर अंधांनीं पोट कसें भरावें याचें उत्तर नव्या सरकारजवळ नव्हतें. १८७८ सालीं क्योटोस आणि १८८० सालीं टोकियोस आधुनिक अंधशाळांचें काम सुरू झालें, आणि लौकरच तेथें मर्दन व सुई हे विषय आले. १८९० सालीं इशिकावा कुराजि यानें ब्रेल लिपि जपानी भाषेला जुळविली. त्यामुळें अंध विद्यार्थ्याला शरीरशास्त्र प्रथमच स्वतः वाचतां येऊं लागलें. १९११ सालीं सुई, डाग व मर्दन यांना देशभर परीक्षा व परवाना यांचे नियम लागू झाले. सुगियामाच्या शाळेचा वारसा अशा रीतीनें नव्या शाळेंत उतरला. मार्ग आणि बिंदु यांच्या जोडीला स्नायु, शिरा, मज्जातंतु आणि जंतुनाशनाचे पाठ आले.

खरी कसोटी अजून पुढेंच होती. महायुद्धांत जपान पराभूत झाल्यावर तेथें अमेरिकन अमल आला. १९४७ च्या सप्टेंबरांत त्या अमलाच्या आरोग्यखात्यानें असें मत दिलें कीं, सुई व डाग हे उपचार अशास्त्रीय व आरोग्यविघातक आहेत, सबब ते बंद करावेत. युद्धानें उध्वस्त झालेल्या देशांत हजारों अंधांच्या तोंडचा घास जाण्याची वेळ आली. अंधशाळांतील शिक्षक व विद्यार्थी सभा भरवूं लागले, अर्जविनंत्या करूं लागले. शरीरक्रियाशास्त्राचे नाणावलेले अध्यापक इशिकावा हिदेत्सुरुमारु यांनीं मिए प्रांतांतील अमेरिकन अधिकाऱ्यांपुढें या उपचारांची बाजू मांडली. ज्या त्सु गांवीं सुगियामा जन्मला असें मानतात, तें याच प्रांताचें मुख्य ठिकाण. शेवटीं तडजोड झाली. १९४७ च्या डिसेंबरांत, २१७ क्रमांकाचा कायदा होऊन, शाळेंत रीतसर शिकलेल्या व परीक्षा उतरलेल्या मनुष्यासच हा धंदा करतां येईल असें ठरलें. तेव्हां उपचाराच्या गुणाविषयीं वाद मिटलेला नव्हता. परंतु शिक्षणाची एक चालती व्यवस्था दाखवितां आली, म्हणून बंदीच्या जागीं नियमन आलें, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

तो कायदा सुधारलेल्या रूपांत आजही चालू आहे. माध्यमिक शिक्षणानंतर किमान ३ वर्षें शिकावें लागतें. सुई, डाग आणि मर्दन यांचे परवाने वेगवेगळे. आणि १९९३ पासून परीक्षा राष्ट्रीय पातळीवर होते. अंध उमेदवारांसाठीं प्रश्नपत्रिका ब्रेलमध्यें, मोठ्या अक्षरांत व ध्वनिमुद्रित मिळतात. सूचीवैद्यांत आज बहुसंख्य डोळस आहेत, आणि त्यामुळें जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. मर्दनाच्या धंद्यांत डोळसांची गर्दी होऊन अंधांचा निर्वाह जाऊं नये म्हणून, डोळसांसाठीं मर्दनाच्या नव्या शाळांना परवानगी नाकारण्याचा अधिकार सरकारला १९६४ पासून आहे. ही बंधनें व्यवसायस्वातंत्र्याच्या आड येतात अशी तक्रार न्यायालयांत गेली. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या फेब्रुवारींत तीं घटनेस धरून आहेत असा निकाल दिला. शेजारच्या देशांनीं निराळे मार्ग धरले. दक्षिण कोरियानें १९५१ च्या कायद्यानें परंपरागत वैद्याला स्वतंत्र वैद्याचा दर्जा दिला. तेथें आज त्याचा अभ्यासक्रम ६ वर्षांचा आहे. चीननें १९५६ सालीं बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू येथें परंपरागत वैद्यकाचीं महाविद्यालयें काढलीं.

आतां मघां राखून ठेवलेल्या गोष्टीकडे वळूं. इतक्या काळजीनें शिकविलेली ही सुई रोग्याला गुण देते काय? या प्रश्नाचें उत्तर शाळा देऊं शकत नाहीं. त्याला तुलनात्मक प्रयोगच पाहिजेत. २००७ सालीं जर्मनींत कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला परंपरागत बिंदूंवर सुया टोंचल्या. दुसऱ्याला बिंदु सोडून भलत्याच जागीं वरवर टोंचल्या. तिसऱ्याला औषधें, व्यायाम इत्यादि नेहमींचे उपचार दिले. सहा महिन्यांनीं गुण आलेल्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ४७.६, ४४.२ आणि २७.४ भरलें. म्हणजे सुई टोंचून घेणाऱ्यांना नेहमींच्या उपचारांपेक्षां जास्त आराम पडला; पण बिंदु बरोबर कीं चूक यानें जवळ जवळ कांहींच फरक पडला नाहीं! २०१२ सालीं सुमारें १८,००० रोग्यांची माहिती एकत्र करून जुनाट दुखण्यांविषयीं जो अभ्यास झाला, त्यांत खरी सुई ही लटक्या सुईपेक्षां थोडी सरस ठरली. परंतु सुई आणि सुई नसणें यांतलें अंतर त्याहून बरेंच मोठें होतें. तेव्हां दुखण्याच्या कांहीं प्रकारांत आराम, यापलीकडच्या मोठमोठ्या दाव्यांना अशा प्रयोगांचा आधार आहे असें कोणीं समजूं नये. आणि कांस्यपुतळ्यावर घेतलेल्या परीक्षेला जेवढें महत्त्व दिलें गेलें, तेवढें बिंदूच्या जागेला आहे कीं काय, याचीही शंका राहते.

मग हीं सारीं वर्षें वायां गेलीं काय? मला तसें वाटत नाहीं. छातीवर सुई जरा खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणांत हवा शिरून जीव धोक्यांत येतो; अस्वच्छ सुईनें रक्तांतले रोग पसरतात; आणि गंभीर रोगाची खूण ओळखून रोग्याला वेळीं रुग्णालयांत पाठविलें नाहीं तर नुसत्या विलंबानें घात होतो. या तिन्ही ठिकाणीं शिकलेला हात व न शिकलेला हात यांत जीवन-मरणाचा फरक आहे.

हा विषय आपल्याला दूरचा वाटूं नये. १९३८ सालीं चीनच्या मदतीस गेलेल्या ज्या भारतीय वैद्यकपथकांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, त्याच पथकांतले त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसु यांनीं पुढें पुन्हा चीनला जाऊन सुईची विद्या शिकून घेतली आणि ती कलकत्त्यास आणली. महाराष्ट्रानें तर २०१५ च्या अधिनियमानें या उपचाराच्या शिक्षणाची व व्यवसायींच्या नोंदणीची कायदेशीर तजवीज केली आहे. तेव्हां आपल्या शहरांतल्या कुटुंबांनाही हा प्रश्न आज ना उद्यां पडणारच.

त्या वेळीं दोन परीक्षा वेगळ्या ठेवाव्यात, एवढेंच माझें सांगणें आहे. उपचाराची परीक्षा प्रयोगानें व्हावी. आणि उपचार करणाऱ्याची परीक्षा तो कोणापाशीं, किती वर्षें आणि कशा क्रमानें शिकला यावरून व्हावी. पहिल्या परीक्षेचा निकाल दुसरीच्या नांवावर खपवूं नये, किंवा दुसरीचा पहिलीच्या नांवावर. सुगियामाला उपचाराविषयीं शंका नव्हती, आणि त्याच्या काळीं तिची परीक्षा घेण्याचें साधनही नव्हतें. परंतु दुसरी परीक्षा त्यानें आपल्या विद्यार्थ्यांकडून कसून घेतली. जो मनुष्य आपल्या अंगाला सुई लावूं पाहतो त्याला, “आपण हें कोठें शिकलांत आणि परक्याच्या देहाआधीं हा हात कशावर तयार केलात?” असें विचारण्यास कोणींही संकोच करूं नये.